शेवंतीचा अर्क

रंगभूषेच्या खोलीत आरशासमोर बसलेल्या माणसाला बोलता येत नाही. ओठ रंगवले जात असतात, गालावर रंग ओला असतो. त्यामुळे त्या खोलीत एकच माणूस बोलायचा आणि बाकीचे मुकाट्याने ऐकायचे. बोलणारे म्हणजे बोळेबुवा. हातात सदानकदा कापसाचा बोळा, म्हणून हे नाव. ते कुणी ठेवलं हे आता नाटक कंपनीत कुणालाच आठवत नव्हतं.

राजाचा भिकारी आणि भिकाऱ्याचा राजा करणं हा बुवांच्या डाव्या हातचा मळ. पण त्यांना खरा अभिमान होता तो रंग उतरवण्याचा. "चढवायला काय, गाढवालाही चढवता येतो," ते म्हणायचे. "उतरवताना कातडी जागेवर राहिली, तर त्याला हात म्हणायचं."

कातडीचा प्रश्न होता तो कंपनीच्या मुख्य अभिनेत्रीचा. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंचा आवाज शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्यालाही उठवून बसवेल असा खणखणीत, पण कातडी कांद्याच्या पापुद्र्याची. बाजारातलं कुठलंही रंग उतरवायचं लोशन लावलं की गाल चुलीपुढे बसल्यासारखे लाल व्हायचे. प्रयोग संपला की बाई ओलं फडकं तोंडावर दाबून बसायच्या आणि बुवांना ते बघवायचं नाही. वर्षानुवर्षं ज्या चेहऱ्यावर आपण काम केलं, तो आपल्याच कामापायी पोळावा, हे त्यांच्या मनाला लागायचं.

म्हणून त्यांनी घरी खटाटोप सुरू केला. सूर्यफुलाच्या तेलात झेंडूच्या पाकळ्या मुरत ठेवायच्या, मंद आचेवर कोमट करायचं, फडक्यातून गाळून घ्यायचं आणि त्यात कोरफडीचा गर घोटायचा. स्वयंपाकघरातली निम्मी पातेली या कामी लागली. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या त्या काढ्याचा वास जावयासारखा घरात ठाण मांडून बसलाय. ना जातो, ना जा म्हणता येत."

पण तेल बाईंना मानवलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा त्या डोळे मिटून कितीतरी वेळ तशाच बसल्या आणि मग म्हणाल्या, "बुवा, आज पहिल्यांदा चेहरा माझा आहे असं वाटतंय." त्या एका वाक्यावर बुवा महिनाभर हवेत होते.

वर्ष सरलं. कंपनीतले बाकीचेही तेल मागू लागले, म्हणून बुवा छोट्या बाटल्या भरून वाटू लागले. बाटलीबरोबर भाषणही फुकट मिळायचं. "यात रसायनाचा एक थेंब नाही. सगळं झाडाचं. झाडानं आजवर कुणाचं वाईट केलंय?"

"धोत्राही झाडालाच लागतो," बायको एकदा म्हणाली होती. बुवांनी ते हसण्यावारी नेलं.

पुढे त्यांना तेलाला जरा सुवास असावासा वाटू लागला. बाजारात शेवंतीचा ढीग दिसला. त्यांनी पिशवीभर फुलं आणली, त्यांचा दाट अर्क काढला आणि तेलात ओतला, तोही सढळ हाताने. थोडं चांगलं तर जास्त अधिक चांगलं, एवढा साधा हिशेब. बाईंनी बाटली नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "वा! आता तर प्रयोगाआधीही लावून बसावंसं वाटतंय."

काही आठवडे बरे गेले. मग बाईंच्या कानामागे खाज सुटली. खाजेचे चट्टे झाले, चट्टे मानेवर उतरले आणि एके दिवशी पापण्या सुजून आल्या.

त्या दुपारी सगळे रंगभूषेच्या खोलीत जमले होते. कंपनीचा मॅनेजर होता, बाई होत्या आणि कपडे सांभाळणाऱ्या मावशी होत्या. मावशी मितभाषी. धुणं, इस्त्री, उसवलेली शिवण, तुटलेलं बटण, सगळं त्यांच्याकडे. कुठल्या अंगरख्याचा कुठला काज सैल आहे हे त्या अंधारात हात लावून सांगायच्या. बाईंच्या नव्या पोशाखाला उंच, ताठ कॉलर होती आणि चट्टे नेमके तिथेच होते. मावशींनी आपण होऊन तोंड उघडलं.

"बाई, मी मध्यंतरी साबण बदललाय. पहिला मिळेना म्हणून दुसरा आणला. त्याचं तर नसेल?"

लपवायची सवय नसलेलं माणूस बोलतं तशा त्या बोलल्या. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. बुवांच्या हातात त्या वेळी तेलाची बाटली होती, झाकण उघडलेलं, आणि शेवंतीचा वास त्यांच्याच नाकात जात होता. चट्टे कानामागेही होते. पापण्यांवरही होते. पापण्यांना कॉलर लागत नाही. पापण्यांवरून फिरतो तो बोळा.

हे सगळं त्यांना एका क्षणात दिसलं. आणि त्याच क्षणात ते म्हणाले, "कडक साबणानं होतं असं."

एवढंच. चार शब्द. एरवी तासभर बोलणारा माणूस, पण त्या दिवशी चार शब्दांवर थांबला, आणि त्या चार शब्दांनी सगळं काम केलं.

मावशींनी पोशाख पुन्हा धुतला. साध्या पाण्यात पुन्हापुन्हा खळबळला, कॉलरच्या आत मऊ कापड शिवलं. चट्टे काही हटेनात. हटणार कसे? बाईंना आग झाली की बुवा तेल लावत होते, आणि जास्त आग झाली की जास्त लावत होते. शेवटी मॅनेजर मावशींना म्हणाला, "काही दिवस तुम्ही घरी राहा. दुसरा माणूस बघतो." काही दिवस म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. मावशींनाही.

जाताना त्या रंगभूषेच्या दारात थांबल्या. "बुवा, बाईंना तुमचं ते तेल लावत राहा हं," त्या म्हणाल्या. "त्यानं त्यांना गार वाटतं."

बुवांनी मान हलवली. त्यांना वर बघता आलं नाही. पुढ्यातले ब्रश त्यांनी उगाचच लहानमोठ्या क्रमाने लावले, मग विस्कटले, मग पुन्हा लावले.

घरी येऊन त्यांनी बाही वर सारली आणि आपल्या दंडावर तेल चोळलं, पुष्कळ, अगदी निथळेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही चोळलं, तिसऱ्या दिवशीही. काही झालं नाही. खाज नाही, पुरळ नाही. त्यांनी दंड बायकोपुढे धरला. "बघ! काही आहे का? उगाच मनात शंका आणत होतो."

बायकोने दंडाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "तुमची कातडी गेंड्याची," ती म्हणाली. "तिच्यावर बाईंची परीक्षा कशी होणार?"

ती बोलली होती ते कातडीबद्दलच. पण बुवांनी हातातला घास परत ताटात ठेवला. ताट तसंच सोडून ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

बाई शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. चेहऱ्याला आणि मानेला लागणारं जे जे काही असेल ते घेऊन या, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. ते गोळा करायचं काम अर्थातच बुवांवर आलं. त्यांनी रंगाच्या डब्या घेतल्या, पावडरी घेतल्या, ओठांचे रंग, डिंक, केसांचा फवारा, पोशाखाच्या कॉलरचा आतून कापलेला तुकडा आणि मावशींचा तो नवा साबणसुद्धा घेतला. तेलाची बाटली हातात घेतली, आणि परत फळीवर ठेवली. 'ते काय, घरचंच तर आहे,' ते स्वतःशी म्हणाले. आपण स्वतःशी खोटं बोलतोय हे माणसाला कळत असतं. पण तिथे उलटतपासणी करायला कुणी नसतं, म्हणून ते खपून जातं.

डॉक्टर तरुण होत्या आणि त्यांचं काम घाईचं नव्हतं. एकेक डबी उघडून बघत त्या नाव लिहीत गेल्या. "आणखी काही?"

"एवढंच," बुवा म्हणाले.

बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनाही तेल आठवलं नाही. त्यांच्या लेखी ते चेहऱ्याला लावायच्या वस्तूंमध्ये मोडतच नव्हतं. ते औषध होतं.

डॉक्टरांनी बाईंच्या पाठीवर चिकटपट्ट्यांचे छोटे चौकोन लावले, प्रत्येकाखाली एकेका वस्तूचा कण. बोलावल्या दिवशी त्या काढून बघितल्या, पुन्हा एकदा बघितल्या. पाठ स्वच्छ होती.

"यातल्या कशानंच होत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "कापडानंही नाही."

बाई ब्लाऊजचं बटण लावता लावता थांबल्या. "कापडानं नाही? म्हणजे साबणानंही नाही?"

"नाही."

परतल्यावर गाडीतून उतरताना बाई म्हणाल्या, "मग मावशीला आपण कशासाठी घालवलं, बुवा?" बुवांनी डब्यांची पिशवी उचलून आत नेली.

पुढच्या दुपारच्या प्रयोगाला बाई आल्या त्या गॉगल लावून. गॉगल काढला तेव्हा एक डोळा जवळजवळ मिटलेला होता. खोलीत सगळी मंडळी होती. मॅनेजर दारात घड्याळ बघत उभा होता, म्हातारा विनोदी नट कोपऱ्यात आपली खोटी मिशी विंचरत होता. बाहेर प्रेक्षक येऊन बसायला लागले होते, खुर्च्यांचा आवाज ऐकू येत होता.

बाई आरशासमोर बसल्या आणि मान मागे टाकून डोळे मिटले. "आधी तुमचं ते तेल फिरवा, बुवा. मग रंगाचं बघू. तुमचा हात लागला की बरं वाटतं."

बुवांनी बोळा भिजवला. तो पापणीपाशी नेला. सुजलेली, गुलाबी, चकाकणारी पापणी, आणि तिच्या खाली निर्धास्त मिटलेला डोळा. लहान मूल आईसमोर तोंड धरतं तसं बाईंनी तोंड पुढे धरलं होतं. बुवांनी बोळा मागे घेतला. तेलाचा थेंब बाईंच्या खांद्यावरच्या टॉवेलवर पडला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"नाही लावत," बुवा म्हणाले.

"का?"

"यानंच होतंय."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. म्हाताऱ्या नटाच्या हातातला कंगवा थांबला.

"या तेलानंच होतंय, बाई. मी शेवंती घातली तेव्हापासून. डॉक्टरांकडे मी हे नेलंच नाही. मुद्दाम नेलं नाही." बोलता बोलता बुवांचा आवाज चिरका झाला. "आणि मावशी साबणाचं बोलल्या तेव्हाच मला शंका आली होती. मी गप्प बसलो. गप्पही नाही बसलो, साबणानं होतं म्हणालो."

बाईंनी डोळे उघडले. वळल्या नाहीत. आरशातून त्यांच्याकडे बघत राहिल्या. बुवांनी त्या आरशात हजारो चेहरे बघितले होते. स्वतःचा मात्र क्वचितच, कारण काम करणारा माणूस आरशात समोरच्याला बघतो. आज दोन्ही चेहरे होते. आपला त्यांना बघवेना. त्यांनी नजर खाली घातली. कानशिलं तापली होती. या सगळ्यांनी आपल्याला 'बुवा' म्हणू नये, नुसतं 'ए' म्हणावं, असं त्यांना वाटलं.

मॅनेजरने तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"चेहऱ्याचं सोडा," त्या म्हणाल्या. "चेहरा बरा होईल. तुम्ही माझ्यासाठी केलंत, ते मला कळतं. पण मावशी, बुवा?"

"हो."

"तिला जा म्हणाला तो हा," बाईंनी मॅनेजरकडे बोट केलं, "पण मीही खुर्चीवर बसून ऐकत होते. इतकी वर्षं तिनं माझी बटणं लावली. मी साधं 'थांब' म्हणाले नाही." त्या उठल्या आणि नळाच्या नुसत्या पाण्याने तोंड धुऊ लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "प्रयोग रद्द करा. लोकांना खरं कारण सांगू नका, मला लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी बुवा एकटेच बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ती उजेडात धरली. "घरी केलंय?"

"हो. सगळं नैसर्गिक," बुवा बोलून गेले. जिभेला वळणच ते पडलेलं. बोलल्यावर त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. "झेंडू आणि शेवंती एकाच कुळातली," त्या म्हणाल्या. "त्यांच्यात असे घटक असतात की काहींच्या कातडीला चालत नाहीत. त्यात तुम्ही दाट अर्क काढलात. नाजूक कातडी कधीकधी वर्षभर सोसते, मग एक दिवस तिचं बिनसतं. एकदा बिनसलं की सहसा कायमचं."

"मी माझ्या दंडावर लावून बघितलं होतं. काही झालं नाही."

"तुम्हाला होणारच नव्हतं. ज्याला लावायचं त्याच्याच हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, थोडंसं, रोज, काही दिवस लावून बघायचं असतं. आणि त्यांच्यासाठी वासाचं काहीच नको. फुलाचा वास असो की कारखान्याचा, कातडीला दोन्ही सारखेच."

बाईंच्या पाठीवर तेलाचा चौकोन लागला, आणि काढला तेव्हा त्या जागी लाल फोडांची नाण्याएवढी चकती होती. शंकेला जागाच उरली नाही. डॉक्टरांनी बिनवासाचं एक साधं मलम लिहून दिलं. चट्टे हळूहळू ओसरू लागले.

बुवा वाटलेल्या बाटल्या परत गोळा करत फिरले. प्रत्येकाला तेच सांगायचं, प्रत्येकासमोर मान खाली. म्हातारा नट मात्र बाटली देईना. "माझ्या टकलाला झकास मानवलंय हे! माझं काही बिनसत नाही." बुवांनी हात जोडले, मग बाटली अक्षरशः हिसकावून घेतली. नट नंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही, आणि बुवांना ते बरंच वाटलं. कुणीतरी रागावलेलं असावं. बाकीचे सगळे फार समजूतदारपणे वागत होते.

बाटल्या गोळा करून झाल्या त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मावशींना सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

मावशी आता एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करत होत्या. तळघरातली लांबलचक खोली, भिंतीला लागून मोठाली यंत्रं घुमत होती आणि हवेत गरम ओलसरपणा. मावशी एका टेबलापाशी एकट्याच चादरी घडी करत होत्या. बुवांना बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि त्या उजेडाने बुवांचं उरलंसुरलं अवसान गेलं.

"बुवा! बाई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

"हे धरा जरा," मावशी म्हणाल्या. चादर मोठी होती, एकट्याने घडी होत नव्हती. बुवांनी समोरची दोन टोकं धरली आणि मागे सरले. चादर दोघांमध्ये ताणली गेली.

"मावशी, ते साबणाचं नव्हतं," बुवा म्हणाले. "माझ्या तेलाचं होतं."

मावशींनी टोकाला टोक जुळवलं. बुवांनीही जुळवलं. घडी घालायची तर दोघांनी जवळ यावं लागतं. ते जवळ आले. मावशींनी त्यांच्या हातातली टोकं घेतली, दुमड सारखी केली, आणि ते पुन्हा मागे गेले.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी. तुम्ही साबणाचं बोललात तेव्हाच शंका आली होती. मी मुद्दाम बोललो नाही."

पुन्हा जवळ यायची वेळ झाली. बुवा टोकं धरून जागीच उभे राहिले. मावशीच दोन पावलं पुढे आल्या. त्यांचा चेहरा अगदी समोर होता आणि त्यावर राग नव्हता. राग असता तर बुवांना तो झेलता आला असता.

"मला नात झाली," मावशी म्हणाल्या. "मी इथं लागले त्याच सुमाराला. मुलगी म्हणायची, आई, घे की तिला. मी घेत नव्हते. मला वाटायचं, माझ्या हातालाच काहीतरी आहे. बाईंसारख्या मोठ्या माणसाची कातडी अशी झाली, तर एवढ्याशा जीवाचं काय होईल. मी हात धुऊन धुऊन सोलवटून घेतले." त्यांनी तळवे दाखवले नाहीत. नुसतं सांगितलं. "मुलीला वाटलं, मुलगी झाली म्हणून आईचं मन नाही. ती माझ्याशी धड बोलत नाही."

चादर बुवांच्या हातून सुटली.

"सोडू नका, खाली लागेल," मावशी म्हणाल्या आणि पडता पडता ती झेलली.

बुवांना काहीतरी बोलायचं होतं. माफ करा म्हणायचं होतं, आणि ते किती तोकडं आहे हेही कळत होतं. तरी म्हणाले. मावशींनी ऐकून घेतलं. 'असू द्या' असं त्या म्हणाल्या नाहीत. एरवी सगळ्यांना सगळ्या गोष्टींवर त्या तेच म्हणायच्या.

"बाईंनी परत बोलावलंय," बुवा म्हणाले. "त्या स्वतः येणार आहेत तुमच्याकडे. मॅनेजरही माफी मागेल."

"नको." मावशींनी घडी केलेली चादर गठ्ठ्यावर ठेवली आणि दुसरी उचलली. "इथं चादर कुणाची ते मला माहीत नसतं. बरं वाटतं."

बुवांनी न सांगता नव्या चादरीची टोकं धरली. गठ्ठा संपेपर्यंत दोघं घड्या घालत राहिले, जवळ येत, लांब जात. प्रत्येक वेळी जवळ आल्यावर बुवा मावशींच्या हातांकडे बघत होते. बोटांच्या पेरांवर बारीक भेगा होत्या, काही भरत आलेल्या, काही ताज्या.

शेवटची चादर झाल्यावर मावशींनी ॲप्रन सोडला, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि पिशवी खांद्याला लावली.

"आज लवकर जाते," त्या म्हणाल्या. बुवांना नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. "मुलीकडे जाऊन नातीला घेते."

त्या जिना चढून गेल्या. बुवांना त्यांच्याबरोबर चढायचं धैर्य झालं नाही. यंत्रं घुमत होती. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले, दोन्ही हात पुढे, अजून कुणीतरी समोरून टोकं धरून असल्यासारखे.